एक जानेवारीला जन्मलेली माणसं

"या शीटमधली एक ओळ म्हणजे काय?"

डेटा अ‍ॅनालिस्टच्या, म्हणजे आकड्यांचा अर्थ लावायच्या नोकरीचा इंटरव्ह्यू सुरू होऊन पंधराएक मिनिटं झाली होती तेव्हा हा प्रश्न आला. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. व्हिडिओ कॉलवर समोर दोघं होती, साधारण माझ्याच वयाच्या एक मॅडम आणि मान खाली घालून सतत काहीतरी टाइप करणारा एक तरुण मुलगा. त्यांनी ऑर्डरींची एक फाइल पाठवली, स्क्रीन शेअर करायला सांगितली आणि म्हणाले, सरासरी ऑर्डर केवढ्याची आहे ते काढून दाखवा. मला हायसं वाटलं. असे सराव मी रात्री-रात्री जागून केले होते. पिव्हट टेबल, म्हणजे ओळी गटागटाने मोजून देणारा तक्ता, लावलं, महिने खाली घेतले, रकमेची सरासरी मागितली, आकडा दोन दशांशांवर आणला आणि माउसवरचा हात उचलला. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. मॅडम "छान" म्हणाल्या आणि मग पाणी मागावं इतक्या सहज त्यांनी ते विचारलं.

मी म्हटलं, "एक ओळ म्हणजे एक ऑर्डर."

"नक्की?"

त्या एका शब्दात खोच नव्हती, हे आज मला पक्कं कळतं. त्या मला सावरायला वेळ देत होत्या. मी ऑर्डर नंबरच्या कॉलमवर गेले आणि हळूहळू खाली सरकत राहिले. एकच नंबर एकाखाली एक तीनदा आला होता. पुढे तीन निरनिराळ्या वस्तू, आणि शेवटच्या कॉलममध्ये तिन्ही ठिकाणी तीच रक्कम, १२००. म्हणजे एक ओळ ही ऑर्डरमधल्या एका वस्तूची होती आणि ऑर्डरची एकूण रक्कम प्रत्येक वस्तूपुढे पुन्हा पुन्हा आली होती. १२०० ची ती ऑर्डर माझ्या बेरजेत ३६०० झाली होती. सरासरीत जास्त वस्तूंच्या, म्हणून बहुतेक मोठ्या, ऑर्डरी जास्त वेळा मोजल्या गेल्या होत्या. दोन दशांशांचा माझा तो नेटका आकडा चांगलाच फुगलेला होता. कान तापल्याचं मला जाणवलं. तो मुलगा पहिल्यांदाच मान वर करून कॅमेऱ्याकडे बघत होता. मी चूक कबूल केली, दुरुस्तही करून दाखवली, पण आवाज घशातच अडकत होता. तिसऱ्या दिवशी नकाराचा मेल आला.

नकार पहिला नव्हता. त्याची सवय झाली होती म्हणा हवं तर. पण तो प्रश्न काही पाठ सोडेना. भांडी घासताना, जिना चढताना, मध्येच जाग आली की तो मनात उभा राहायचा. आठ महिने रोज अभ्यास केला, प्रमाणपत्र मिळवलं, आणि समोर ठेवलेल्या कागदावर नक्की काय लिहिलंय हे विचारायचंच राहून गेलं, हे कसं झालं?

त्या आठ महिन्यांबद्दल वाईट बोलायला मात्र माझी जीभ रेटत नाही. मी केलं ते गूगलचं डेटा अ‍ॅनालिटिक्सचं प्रमाणपत्र, कोर्सेरावरचं. ते २०२१ मध्ये सुरू झालं. मी घेतलं तेव्हा त्यात आठ कोर्स होते आणि आठवड्याला दहा तास दिले तर सहा महिन्यांत पुरं होईल असं सांगितलेलं होतं. मला आठ महिने लागले, कारण मी तेव्हा एका मोठ्या हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर काम करत होते आणि पाळीपाळीच्या ड्यूटीत आठवड्याचे दहा तास कधी सलग सापडतच नसत. रात्री घरातले दिवे मालवले की मी हेडफोन लावायची. व्हिडिओ दीडपट वेगाने. लॅपटॉपचा पंखा घरघरायचा, मांडी गरम व्हायची, आणि प्रत्येक पाठ संपला की शेजारी एक हिरवी खूण उमटायची. त्या खुणेची ओढ लागली होती मला. दिवसभर खिडकीवर कुणी ना कुणी खेकसायचं. रात्री कुणीतरी न बोलता "झालं, बरोबर आहे" म्हणायचं.

आणि आनंद खरा होता. एसक्यूएल या डेटाला प्रश्न विचारायच्या भाषेत ओळींचे गट पाडणारं "ग्रुप बाय" पहिल्यांदा लिहिलं ती रात्र अजून आठवते. लाखो ओळी होत्या, कितीही स्क्रोल केलं तरी न संपणाऱ्या. मी चार ओळींची क्वेरी, म्हणजे तसा एक प्रश्न, लिहिली, चालवली, आणि त्या लाखोंच्या बारा ओळी झाल्या, एका महिन्याला एक. त्या बारा आकड्यांत उन्हाळा दिसत होता, हिवाळा दिसत होता. मी हेडफोन काढून नुसती बघत बसले. पस्तिशीला टेकलेल्या, कॉमर्सची पदवी कधीच मागे पडलेल्या बाईला आपल्या हाताने असं काही घडवता येतं, याचं अप्रूप कुणाला सांगावं तर घरात सगळे झोपलेले.

ती क्वेरी शेवटच्या प्रकल्पाच्या सरावातली. ज्यांनी हा कोर्स केलाय त्यांना तो लगेच ओळखू येईल: भाड्याने सायकली देणारी एक काल्पनिक कंपनी, आणि तिच्या नावाखाली शिकागो शहरातल्या डिव्ही या सायकलसेवेचा खराखुरा, जाहीर डेटा. कधीमधी सायकल घेणारे आणि वार्षिक सभासद यांच्या वापरात फरक काय, हे शोधायचं. त्या डेटात एक जागा आहे, जिच्याजवळ मी थांबायला हवं होतं. स्टेशनांच्या नावांत मध्येच "एचक्यू क्यूआर" असं एक नाव येतं. नमुना म्हणून दिलेल्या कोडमध्ये टीप आहे की या काही शे नोंदी म्हणजे तपासणीसाठी स्टँडवरून काढलेल्या सायकली, त्या वगळा. आणि ज्या फेऱ्यांचा कालावधी शून्याहून कमी निघतो त्याही वगळा. मी वगळल्या. एक ओळ कोडची, एंटर, झालं. पुढे गेले.

आता वाटतं, केवढी गोष्ट होती त्यात. तक्त्याचं नाव "फेऱ्या", प्रत्येक ओळीला सुरुवात आहे, शेवट आहे, सायकलीचा प्रकार आहे. आणि तरी त्यातल्या काही ओळी फेऱ्याच नव्हेत. कुणीतरी कामगार सायकल बाजूला घेऊन ब्रेक दाबून बघत होता, चाक फिरवून बघत होता. त्याची वेळ मोजली गेली आणि तो प्रवासी म्हणून नोंदला गेला. "एक ओळ म्हणजे काय" हा प्रश्न त्या कोर्सने माझ्यासमोर ठेवला होता. मी हिरव्या खुणेच्या घाईत होते.

प्रमाणपत्र आलं त्या दिवशी मी ते लिंक्डइनवर टाकलं. ओळखीपाळखीच्या साठेक लोकांनी अभिनंदन केलं, त्यात शाळेतल्या दोन मैत्रिणी होत्या ज्यांच्याशी दहा वर्षांत बोलणं नव्हतं. मग अर्ज सुरू झाले. नवख्यांसाठी म्हणून दिलेल्या जाहिरातीतही खाली कुठेतरी दोन वर्षांचा अनुभव मागितलेला असायचा. शंभरावर अर्ज गेले. बहुतेकांना उत्तरच नाही. ज्या थोड्यांनी बोलावलं त्यांतल्या एकांनी माझा सायकलींचा प्रकल्प उघडण्याआधीच, अगदी सौम्यपणे, विचारलं, "याशिवाय काही आहे का?" त्यांच्याकडे त्या आठवड्यात आलेल्या कितीतरी अर्जांत तोच प्रकल्प, तेच दोन रंग, तोच निष्कर्ष होता. मला त्यांचा राग आला नाही. मलाच ते लोक दिसले, माझ्यासारखे मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले, कुठल्या कुठल्या घरांत, अंधारात, तीच क्वेरी चालवून तोच उन्हाळा बघणारे.

रेझ्युमेत मी माझी नऊ वर्षांची नोकरी एका ओळीत उरकली होती. "प्रशासकीय काम." खिडकी, रांग, नोंदणी, यातलं काही लिहिलं नव्हतं. एका ओळखीच्या मुलाने सांगितलं होतं, "ताई, डेटा एंट्री दिसली की लोक पुढे वाचत नाहीत." मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर लाजही वाटत होती.

तर त्या खिडकीबद्दल आता लिहिते.

काच, काचेला खाली अर्धवर्तुळाकार फट, आणि तिच्यातून आत येणारे हात. लोकांचे चेहरे मला आठवत नाहीत, हात आठवतात. घडी घालघालून फाटायला आलेले कागद पुढे सरकवणारे. माझ्यासमोर पडद्यावर नव्या रुग्णाचा फॉर्म, आणि त्यात लाल चांदणी असलेले रकाने, जे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. जन्मतारीख हा त्यातला एक. फक्त वय टाकायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. तारीख हवी, दिवस-महिना-वर्ष, पूर्ण. आणि कितीतरी लोकांना ती ठाऊक नसायची.

पहिल्याच आठवड्यात एक आजी आल्या होत्या. श्वास लागत होता, बरोबर कुणी नव्हतं. मी जन्मतारीख विचारली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वय विचारलं तर म्हणाल्या, "तूच बघ ना बाळा, किती दिसते." मागे रांगेत कुणीतरी च्च केलं. मी गोंधळले. त्यांनी आपणहून हिशेब मांडायला घेतला: लग्न झालं तेव्हा अमुक, थोरला झाला तेव्हा वीस-बावीसची असेन, आणि थोरला आता... इथे त्या थांबल्या. थोरला गेला होता. तो गेला तेव्हा केवढा होता ते त्यांना आठवत होतं, पण जाऊन किती वर्षं झाली ते जुळेना. त्या काचेला हात टेकवून मनातल्या मनात मोजत होत्या आणि त्यांच्या श्वासाची शीळ मला काचेतून ऐकू येत होती. शेजारच्या खिडकीवरच्या आमच्या सिनियर ताईंनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "साठ धर, त्यावरून साल काढ, आणि एक जानेवारी टाक. सोड त्यांना आत लवकर."

मी टाकलं. ०१/०१, आणि साठ वर्षांपूर्वीचं साल. पुढचं पान उघडलं.

त्यानंतर नऊ वर्षांत मी किती जणांना एक जानेवारीला जन्माला घातलं त्याची मोजदाद नाही. वय साठ, पासष्ट, सत्तर. एकसष्ट किंवा अडुसष्ट क्वचितच, कारण अंदाज नेहमी शून्यावर नाहीतर पाचावर येऊन बसतो. फोन नंबरच्या रकान्यालाही लाल चांदणी होती; ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यासाठी आम्ही दहा वेळा नऊ दाबायचो. ती कळ दाबण्याची लय अजून बोटांत आहे. आळसाने केलेलं नव्हतं ते. मागे रांग असायची, कुणी कण्हत असायचं, आणि मशीन खरं उत्तर घेत नसे. खरं उत्तर होतं "माहीत नाही", आणि त्यासाठी रकानाच नव्हता.

हे सगळं मला आठवलं ते इंटरव्ह्यूनंतर दोनेक आठवड्यांनी, आणि आठवलं ते टायटॅनिकमुळे. या क्षेत्रात शिकणारा जवळपास प्रत्येक जण कॅगल या सरावाच्या संकेतस्थळावरच्या टायटॅनिक जहाजाच्या डेटाने हात चालवतो. ८९१ प्रवाशांच्या ओळी. कोण वाचलं, कोण नाही. त्यांतल्या १७७ जणांच्या वयाचा रकाना रिकामा आहे. शिकवण्यांत पुष्कळदा सांगतात, रिकाम्या जागी मध्यक भरा, म्हणजे वयं क्रमाने लावली की मधोमध येणारं वय. मध्यक २८. एक ओळ कोडची आणि १७७ माणसं अठ्ठावीस वर्षांची होतात. मीही पूर्वी तसं केलं होतं. त्या रात्री मी पहिल्यांदा भरण्याऐवजी विचारलं, ही माणसं कोण? वर्गाप्रमाणे मोजली. पहिल्या वर्गातली ३०, दुसऱ्यातली ११, तिसऱ्यातली १३६.

मी खुर्चीत मागे टेकले. १७७ पैकी १३६ तिसऱ्या वर्गातली. मग ज्यांचं वय माहीत आहे त्यांच्यातली वाचलेली मोजली: ७१४ पैकी २९०, म्हणजे शंभरात चाळीसच्या वर. ज्यांचं वय माहीत नाही त्यांच्यातली: १७७ पैकी ५२, शंभरात तीसही नाहीत. म्हणजे रिकामा रकाना रिकामा नव्हता. तो बोलत होता. जहाजाच्या तळाशी कोण होतं, कुणाबद्दल विचारून घ्यायला मागे कुणी उरलं नाही, हे तो सांगत होता, आणि मी त्यावर अठ्ठावीस लिहून ठेवलं होतं.

संख्याशास्त्रात याचा पक्का विचार झालेला आहे. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये मांडलं की माहिती गहाळ होण्याचीही कारणं असतात, आणि ती कारणं कुठल्या जातीची आहेत यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. निव्वळ योगायोगाने गहाळ झालेलं वेगळं, आणि जे गहाळ आहे त्याच्यामुळेच गहाळ झालेलं वेगळं. वयं शून्य-पाचावर गोळा होतात, यासाठी लोकसंख्याशास्त्रात व्हिपलचा निर्देशांक म्हणून एक साधं मोजमाप आहे. २३ ते ६२ या वयांतली माणसं घ्यायची, त्यांतल्या ज्यांचं वय शून्य किंवा पाचाने संपतं त्यांचं शेकडा प्रमाण काढून पाचाने गुणायचं. वयं प्रामाणिकपणे पसरलेली असतील तर उत्तर १०० च्या आसपास, आणि सगळीच्या सगळी शून्य-पाचावर असतील तर ५००. हे वाचताना मला जे वाटलं ते नीट सांगता येत नाही. आमची ती काच, ती फट, ताईंचं "साठ धर", या सगळ्याला कुणीतरी फार पूर्वीच नाव देऊन ठेवलं होतं. आणि हे माझ्या हातांना आधीपासून ठाऊक होतं.

ऑर्डरींच्या त्या शीटमध्ये नाही दिसलं मला. का? त्या फाइलकडे मी परीक्षेचा पेपर म्हणून बघितलं. ती कुणीतरी भरली असेल, कुठल्यातरी सिस्टिममधून कुणाच्या तरी सोयीने निघाली असेल, हे मनात आलंच नाही. नऊ वर्षं ओळी लिहिणारी मी, ओळी वाचायला बसले तेव्हा त्या आभाळातून पडल्यासारख्या घेतल्या.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की या धंद्यात मॅडमच्या त्या प्रश्नाला शब्द आहे, ग्रेन. दाणा. राल्फ किंबॉल यांनी डेटा वेअरहाउसची, म्हणजे विश्लेषणासाठी डेटा एकत्र साठवायच्या कोठाराची, मांडणी शिकवताना चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली, कुठल्या कामकाजाचा डेटा ते ठरवा, आणि लगेच दुसरी, ग्रेन ठरवा, म्हणजे एक ओळ कशाची ते साध्या भाषेत सांगा. बाकीचं सगळं त्याच्यानंतर. हे न विचारण्याची किंमत कधीकधी फार मोठी असते. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये करोनाच्या १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकडेवारीतून सुटली. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये उतरवली जात होती, आणि तिच्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. त्यात एकेका तपासणीला कित्येक ओळी लागत होत्या, त्यामुळे मोठा वाटणारा तो आकडा चौदाशेएक रुग्णांतच भरून जायचा. पुढची माणसं फाइलच्या तळातून खाली पडली. त्यांच्या संपर्कातल्यांना वेळेवर फोन गेले नाहीत. ही हकिगत मी एक्सेलच्या मर्यादेचं उदाहरण म्हणून आधीही वाचली होती. आता वाचताना त्या फाइलला डोळे लावून बसलेलं कुणीतरी दिसत होतं.

मी रेझ्युमे नव्याने लिहिला. "प्रशासकीय काम" खोडलं आणि लिहिलं: नऊ वर्षं रुग्ण नोंदणी, डेटा तयार होताना तो कुठे आणि का बिघडतो याचा प्रत्यक्ष अनुभव. हे लिहिताना हात थरथरला, कारण त्या मुलाचं "पुढे वाचत नाहीत" डोक्यात होतंच. सायकलींचा प्रकल्प ठेवला, पण खाली. हॉस्पिटलचा डेटा वापरण्याचा तर प्रश्नच नव्हता. तो रुग्णांचा, तो माझा नव्हे, आणि माझ्याजवळ नव्हताही. म्हणून जनगणनेचे जाहीर तक्ते घेतले, ज्यांत एकेका वर्षाच्या वयाप्रमाणे माणसं मोजलेली असतात, आणि वयांचा आलेख काढला. आलेख गुळगुळीत नव्हताच. दर पाच वर्षांनी एक सुळका, दर दहांनी त्याहून उंच. पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा. त्याखाली मी कुठलीही सुबक शिफारस लिहिली नाही. खिडकीवर ते कसं घडतं ते एका परिच्छेदात लिहिलं. तो परिच्छेद लिहायला मला तीन रात्री लागल्या.

पुढचा इंटरव्ह्यू मिळायला अजून चार महिने गेले. लोकांना वाटतं उमज पडली की दार उघडतं. माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही. त्या चार महिन्यांत दोनदा वाटलं की पुरे, खिडकीच बरी. पगार वेळेवर होत होता. शेवटी ज्यांनी घेतलं त्यांनी सहा महिन्यांच्या करारावर घेतलं. तिथल्या मॅडमनी सांगितलं की प्रमाणपत्रामुळे माझा अर्ज चाळणीतून वर आला, आणि त्या परिच्छेदामुळे त्यांनी मला फोन केला. दोन्ही लागलं, असं त्या म्हणाल्या. मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं आहे, कारण प्रमाणपत्राने काही होत नाही म्हणणारे आणि प्रमाणपत्राने सगळं होतं म्हणणारे, दोघेही मला रोज भेटतात.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या दिवशी ताईंनी मला जवळ घेतलं आणि विचारलं, "आता तू त्या आकड्यांचं करणार काय?" मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आम्ही भरायचं, तुम्ही चुका काढायच्या." त्या रागाने बोलल्या नव्हत्या. तरी मला ते लागलं, आणि त्यावर आजही माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. माझ्या पगारात आणि त्यांच्या पगारात आता अंतर आहे. एकाच ओळीच्या दोन टोकांना आम्ही दोघी.

नव्या नोकरीत पहिलं काम आलं ते परत आलेल्या मालाचं. ग्राहक वस्तू परत करतात, गोदामात ती उघडून बघतात आणि परत येण्याचं कारण यादीतून निवडतात. मला विचारलेलं होतं, सगळ्यात मोठं कारण कोणतं? क्वेरी एका मिनिटाची होती. उत्तरही ठळक आलं, बाकीच्या कारणांना खूप मागे टाकणारं: "आकार चुकीचा." मी आकडा बघितला आणि माझी बोटं थांबली. यात कपडे होते ते ठीक, पण चार्जरही होते. दिवेही होते. मी मॅडमना म्हटलं, "हे भरतात तिथे मला एक दिवस बसता येईल का?" त्यांनी जरा नवल केलं, पण परवानगी दिली.

गोदामात उजेड पांढरा होता आणि पुठ्ठ्याचा, चिकटपट्टीचा वास. एक मुलगा उभ्यानेच काम करत होता, कमरेइतक्या उंचीच्या टेबलाशी. डाव्या हाताने खोकं ओढायचं, कटर फिरवायचा, वस्तू काढून उलटीपालटी करायची, स्कॅनर लावायचा, आणि उजव्या हाताने कारण निवडायचं. त्याच्यामागे खोकी छातीपर्यंत रचलेली. मी बाजूला स्टुलावर बसले. तो आधी अवघडला. मी सांगितलं, मी तपासायला नाही आले, बघायला आलेय. थोड्या वेळाने तो मला विसरला. मग मला त्याचा हात दिसायला लागला. कारणांची यादी अक्षरांच्या क्रमाने लावलेली होती, "आकार" सगळ्यात वर. वस्तू नीट बघून कारण निवडायला त्याला वेळ मिळत होता तोवर तो यादीत खाली जात होता. खोकी वाढली की खाली जाणारा बाण एकदा, एंटर. खाली जाणारा बाण एकदा, एंटर. मला ती लय कानाने आधी ओळखू आली, डोळ्यांनी नंतर. दहा वेळा नऊ.

मी त्याला विचारलं, "कारण कळलं नाही तर काय करता?" तो म्हणाला, "तसं यात नाहीये ना, मॅडम."

संध्याकाळी परत येऊन मी अहवाल लिहायला घेतला. आलेख मागाहून काढणार होते. पहिल्या पानावर, सगळ्यात वर, एकच वाक्य लिहिलं. "या तक्त्यातली एक ओळ म्हणजे परत आलेल्या एका वस्तूची, खोकं उघडणाऱ्या माणसाने, मागे ढीग वाढत असताना केलेली नोंद." खाली लिहिलं की कारणांच्या यादीत "सांगता येत नाही" हा पर्याय हवा, यादीचा क्रम बदलून बघायला हवा, आणि तोवर "आकार चुकीचा" या आकड्यावरून काही ठरवू नये. मॅडमनी कागद हातात घेऊन वाचला. "मागे ढीग वाढत असताना" यावर त्यांचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, "हे ठेवायचंच का?"

मी म्हटलं, "ठेवायचंच."